माघातले डावे खेकडे

अनुपमा शनिवारी दुपारी घरी आली. "भावोजी, बुधवारी माझी पीएच.डी.ची व्हायवा आहे, अंधेरीला कॉलेजात. कोणीही येऊन बसू शकतं. तुम्ही यायचंच. नलूसाठी."

मी बरं म्हटलं. नलिनीला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

नलिनी माझी बायको. बोरिवलीच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि शाळा सांभाळून पीएच.डी. करायची. ती आणि तिची मैत्रीण अनुपमा एकाच सरांकडे होत्या. अनुपमाचा विषय बगळे, नलिनीचा खेकडे. गोराईच्या खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो, तिथे बोटाच्या पेराएवढे खेकडे असतात. नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी. ती हलवून तो मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला हाकलतो. कुणाची उजवी मोठी, कुणाची डावी. नलिनी चिखलावर फळी टाकून, तिच्यावर बसून हे मोजायची. बावीस महिने मोजलं. माझी काकी विचारायची, "एवढं शिकून खेकडेच मोजायचे, तर कोळणीचं काय वाईट आहे?" नलिनी म्हणायची, "काकी, कोळीण विकते आणि खाते. मी नुसती बघते. वेडी मीच."

अनुपमा आमच्याकडे जेवायची. माझ्या ताटातला तळलेला बांगडा उचलायची. नलिनी काविळीने गेली तेव्हा अनुपमा बारा दिवस आमच्याच घरी होती. तेराव्याला म्हणाली, "तिच्या सात वह्या आहेत भावोजी. अशाच पडून राहिल्या तर वाळवी खाईल. मी पुरं करते. तिचं काम तिच्या नावानेच लागेल, शपथ." नलिनीच्या शाळेच्या पिशवीत भरून मी वह्या दिल्या. लिहून काही घेतलं नाही. घरच्या माणसाकडून कोण लिहून घेतं?

बुधवारी वर्कशॉपमधून अर्धी रजा काढली. इस्त्रीचा शर्ट घातला. मला वाटलं होतं, बगळ्यांचं बोलून झालं की नलिनीचं नाव येईल.

पडद्यावर पहिलंच चित्र खेकड्याचं आलं. बगळे कुठेच नव्हते. खाली अनुपमाचं नाव, त्याखाली सरांचं. मी थांबलो. पुढे येईल. पाऊण तास झाला. तक्ते माझ्या ओळखीचे होते, त्या वह्यांच्या रेघा मीच आखल्या होत्या. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, पण 'आय' म्हणजे 'मी' हे कळायला तेवढं पुरतं. प्रत्येक वाक्यात तेच होतं.

मग एक तक्ता आला. वर्षभर दहांतले नऊ खेकडे उजवे, आणि त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत एका पंधरवड्यात दहांतले नऊ डावे. अनुपमाने कारण दिलं. थंडीत उजवे नर बिळात राहतात आणि डाव्यांना जागा मिळते. बाहेरून आलेले परीक्षक मान हलवत होते. सर म्हणाले, हे या प्रबंधातलं सर्वांत महत्त्वाचं निरीक्षण आहे.

तो माघाचा शुद्ध पंधरवडा. नलिनी तापाने झोपून होती. मी मिलमध्ये फिटर, संपामुळे मिल बंद होती, म्हणून वही घेऊन खाडीवर मी जात होतो. रकान्यात नुसत्या उभ्या रेघा मारायच्या, त्यामुळे अक्षर कुणाचं हे कळायचा प्रश्न नव्हता. खेकडा माझ्याकडे तोंड करून उभा असायचा. माझ्या डाव्या हाताला दिसली ती नांगी मी डावी धरली. नंतर वही बघून नलिनी तापातसुद्धा हसली. "अहो, खेकडा आरशात नाही उभा. तुमच्यासमोर आहे. तुमची डावी बाजू ती त्याची उजवी. आणि म्हणे फिटर." वहीत खाडाखोड करायची नाही हा तिचा नियम. प्रबंध लिहिताना ही पानं गाळीन म्हणाली. लिहायची वेळ आलीच नाही.

परीक्षकांनी विचारलं, कुणाला काही विचारायचंय? मी उठलो.

"अनुपमा, माघात खेकडे मोजताना तू त्यांच्या समोर बसायचीस की मागे?"

ती कशीबशी हसली. "भावोजी, घरी बोलू ना."

"इथेच सांग."

"समोर."

"मग डावी कुठली धरलीस? तुझी की त्याची?"

ती सरांकडे बघायला लागली. सर म्हणाले, "हे कोण गृहस्थ?"

"माघात मोजणारा मी. उलटं मोजलं. हे डावे खेकडे गोराईत कधी नव्हतेच."

परीक्षकांना मराठी येत होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दहा मिनिटं थांबू म्हणाले.

व्हरांड्यात अनुपमाने माझी बाही धरली. "माझे बगळ्यांचे आकडे जमलेच नाहीत हो. दोन वर्षं फुकट गेली. सर म्हणाले, वह्या आहेत ना, त्या वापर. आभारात तिचं नाव घालणार होते मी."

"घातलंस?"

"टाइप करताना राहिलं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही हे ताणलंत तर सगळ्याच वह्या खोट्या ठरतील. नलूचं काही उरणार नाही. गप्प राहिलात तर काम तरी राहील तिचं."

मी कशापाशी अडेन हे तिने बरोबर हेरलं होतं. मी जिन्यापाशी उभा राहिलो. गप्प बसलो तर बावीस महिन्यांची मेहनत कपाटात जपली जाणार होती, माझ्या चुकीसकट, दुसरीच्या नावाने. नलिनीला एक रेघ जास्त पडली तर झोप लागायची नाही.

ऑफिसात कारकुनाकडे फुलस्केप कागद मागितला आणि मराठीत लिहिलं. माघ शुद्ध पंधरवड्याचे आकडे माझे आहेत आणि चुकीचे आहेत. बाकी सर्व आकडे माझी पत्नी कै. नलिनी गुणाजी धुरी हिचे आहेत आणि बरोबर आहेत. तिच्या सात वह्या परत मिळाव्यात. खाली सही केली.

अनुपमा दारात उभी होती. डोळे लाल झाले होते. "मी जेवायला यायचे तुमच्याकडे, भावोजी."

"म्हणून तर वह्या दिल्या," मी म्हटलं आणि कागद घेऊन परीक्षकांकडे गेलो.