ओगावांकडची कवितांची दुपार

आखातातल्या झल्लाक गावी, ओगावा या जपानी जोडप्याच्या समुद्राकाठच्या बंगल्यात, शुक्रवारी पाहुण्यांची जेवणं आटोपल्यावर ओगावाबाईंनी भिंतीवरचं जुनं जपानी चित्र दाखवलं. लाकडी ठशांनी छापलेलं. बहरलेल्या झाडाखाली सतरंजी, खाण्याचे डबे, खिदळणाऱ्या बायका, आणि एकजण कवितेची चिठ्ठी फांदीला बांधतेय. आपणही तसंच करू, असं बाई म्हणाल्या. अंगणात बोगनवेल होतीच.

हेमाचं लक्ष मात्र थाऱ्यावर नव्हतं. जेवताना बाईंनी तिचं अभिनंदन केलं होतं. तिचा नवरा गुरुप्रसाद ओगावासाहेबांच्या बँकेत अकाउंटंट होता, आणि त्यानं आणखी तीन वर्षांच्या करारावर सही केली होती. हेमाला हे तिथं, परक्या तोंडून कळलं. त्यांची सात वर्षांची मुलगी पुण्याला आजीकडे होती. या उन्हाळ्यात कायमचं परत जायचं, असं दोघांचं ठरलं होतं.

कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. हेमानं मराठीत चार ओळी लिहिल्या. साहेबांनी कौतुकानं गुरुप्रसादला त्यांचा अर्थ विचारला. त्यानं चिठ्ठी घेतली.

मुलीचा पहिला दात पडला,
मी फोनवर हसले.
समुद्रा, तूच सांग,
तिला कुशीत कोणी घेतलं?

गुरुप्रसादनं चिठ्ठी दोनदा वाचली. सगळे थांबले होते. मग घसा खाकरून त्यानं इंग्रजीत सांगितलं, की समुद्र फार सुंदर आहे आणि दुपार आनंदात गेली.

"मी असं लिहिलेलं नाही," हेमा मराठीतच म्हणाली. मग उभी राहून, अडखळत, तिनं खरा अर्थ इंग्रजीत सांगितला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ओगावाबाईंनी चिठ्ठी हलकेच घेतली आणि बोगनवेलीला बांधली.

परतताना गुरुप्रसाद गाडी चालवत होता.

"साहेबांसमोर माझी शोभा केलीस," तो म्हणाला.

"आणि तुम्ही मला न विचारता सही केलीत."

त्यानं वेग वाढवला, मग कमी केला. "तिला इकडेच आणू. शाळेचं बघतो. इंशाल्ला, जूनपर्यंत."

"इंशाल्ला नको. तारीख सांगा."

शहरातल्या हूरा भागात, त्यांच्या घराखाली गाडी उभी राहिली, तरी तो स्टिअरिंग धरून बसला होता.

"दहा जून," तो म्हणाला.

हेमानं मान डोलावली नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यानं मुलीच्या व्हिसाचे कागद आणले, तेव्हा ती ते भरायला बसली.