दुसरा ईसीजी

पटाशी निसटली आणि माझ्या अंगठ्यात घुसली. सुतारकामात हे चालायचंच. पण रक्त थांबेना, तेव्हा शिलाई मशीन तसंच टाकून आमची ही मला हॉस्पिटलात घेऊन आली. तातडीच्या विभागात एक सिस्टर होती, आमच्या लेकीच्या वयाची. ती माझी जखम धुवायला लागली, पण तिचं लक्ष हिच्याकडेच.

"काकू, पंख्याखाली बसून एवढा घाम कसला?"

"जिना चढले ना. त्यात यांचं रक्त बघून घाबरले."

"आणि जबडा का चोळताय?"

"दाढ असेल गं. सकाळपासून पित्तानं मळमळतंय. तू आधी यांचं बघ."

सिस्टरनं माझ्या अंगठ्यावर कापसाची घडी ठेवली आणि माझाच दुसरा हात त्यावर दाबला. "काका, घट्ट धरून बसा." तोवर हिला खाटेवर झोपवलंसुद्धा. नाडी बघता बघता प्रश्न सुरू: कधीपासून दुखतंय, हाताकडे कळ जाते का, दम लागतो का, कुठली औषधं चालू आहेत? मला वाटलं, पोरगी राईचा पर्वत करतेय.

पाच मिनिटांत ईसीजी निघाला. डॉक्टरांनी नीट पाहिला. काही सापडलं नाही. ही लगेच उठून बसली. "बघा! गिऱ्हाइकं खोळंबलीत माझी."

"एक चांगला आला म्हणून सुटका नाही, काकू," सिस्टर म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळली. "सर, घाम थांबत नाहीये, चेहरा उतरलाय. दहा मिनिटांनी पुन्हा काढते."

"काढाच," ते म्हणाले.

ती दहा मिनिटं सिस्टर हिच्यापासून हलली नाही. सलाईनची सुई लावली, रक्त घेतलं, दोनदा ब्लडप्रेशर पाहिलं. मध्येच काजं-बटणांच्या गप्पा. तोंड गप्पा मारत होतं, डोळे मात्र मॉनिटरच्या पडद्यावरून हटत नव्हते.

दुसरा कागद पुरता बाहेर यायच्या आत तिनं हाक मारली. आवाज चढला नव्हता, तरी डॉक्टर धावत आले. हार्ट अटॅक होता. डॉक्टरांनी गोळ्या सांगितल्या, सिस्टरनं त्या हिला चावून खायला लावल्या. मी अंगठा सोडून खाटेकडे धावलो, रक्त पुन्हा वाहायला लागलं.

"काका, खाली बसा. मला आत्ता दोन पेशंट परवडणार नाहीत."

हिला स्ट्रेचरवरून नेताना लिफ्टपर्यंत ती हिच्या खांद्यावर हात ठेवून चालली. सोबत शॉक द्यायचं मशीन.

"हे कशाला?" मी घाबरून विचारलं.

"लागलंच तर शोधायला नको."

ते लागलं नाही. तासाभरात डॉक्टरांनी हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडली.

चौथ्या दिवशी ड्युटी संपवून सिस्टर वॉर्डात आली. मी हात जोडले, तर म्हणाली, "ते राहू द्या, आधी ऐका." मग हिच्याजवळ बसून तिनं सगळं समजावलं. बायकांना दर वेळी छातीतच कळ येते असं नाही. पुन्हा असं झालं तर पित्त पित्त करत बसायचं नाही, सरळ ॲम्ब्युलन्स बोलवायची. गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. तीस वर्षांत माझं एक अक्षर न ऐकणारी आमची ही शहाण्या मुलीसारखी मान डोलावत होती.

सिस्टर गेली तशी ही माझ्याकडे वळली.

"किती दमलेली दिसत होती हो पोर," म्हणाली.