राहिलेले सहा

माझ्या वॉर्डात परीक्षेला कुणी नापास होत नाही. कॅन्सरच्या पोरांच्या छातीत औषधासाठी बसवलेली नळी कशी हाताळायची, जंतू कुठून शिरतात, यावर दर तीन महिन्यांनी मी नर्सेसना वीस प्रश्न देते. सातवा प्रश्न ठरलेला: औषध देण्याआधी नळीचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने किती वेळ घासायचं? सगळ्या लिहितात, पंधरा मोजेपर्यंत, मग वाळू द्यायचं. कागदावर घासायला काय जातं! पोपट बसवला तर त्यालाही वीसपैकी वीस मिळतील. पेपर काढणारी मी, तपासणारी मी, मोठी सिस्टर म्हणून मिरवणारी मीच. आणि एका दुपारी नऊवर थांबलेलीही मीच. ते कुणालाही माहीत नव्हतं.

खिडकीजवळच्या खाटेवर तेव्हा मास्तरीणबाई होती. वय सहा, डोक्यावर एक केस नाही, पण आवाज खणखणीत. कुठलीही सिस्टर टोक घासायला लागली की ही मोठ्याने आकडे म्हणायची. चौदावर हात उचललात तर "एक राहिला!" म्हणून वॉर्ड डोक्यावर घ्यायची. आम्ही हसायचो, पण घासायचो.

त्या दुपारी तिला झोप लागली होती. टेबलावरचा फोन वाजत होता, शेजारचा सलाइनचा पंप कोकलत होता, माझ्या पोटात कावळे ओरडत होते. आकडे म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून मी मनातल्या मनात मोजले आणि नऊवर सिरिंज लावली. तक्त्यावर बरोबरची खूण केली. तिची आई स्टुलावर बसून लोकरीची टोपी विणत होती. तीन तासांत पोर थंडीने कुडकुडायला लागली, रक्तात जंतू सापडले, आणि पाचव्या दिवशी खाट रिकामी झाली. ते माझ्या नऊमुळेच झालं का, हे कुठलाही डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगणार नाही. मला सांगायला डॉक्टर नको होता.

दोन महिन्यांनी त्याच खोलीत दुसऱ्या खाटेवर एक पाच वर्षांची आली. नाकावर राग, म्हणून आम्ही तिला मिरची म्हणायचो. सोबत तिची आत्या. पहिल्याच दिवशी मी टोक घासायला घेतलं आणि मिरची पुटपुटायला लागली. एक, दोन, तीन... नऊ. तिथे थांबली. मी पंधरा पुरे केले.

"छान मोजते हो," मी आत्याला म्हटलं. "तुम्ही शिकवलंत?"

"कुठलं! हिला सातापुढे एकदम अकराच येतात."

"मी ऐकून म्हणते," मिरची म्हणाली आणि खिडकीजवळच्या रिकाम्या खाटेकडे बोट केलं.

पोरं काय, काहीही बोलतात. मी ते सोडून दिलं. पण नवी सिस्टर दोन दिवसांनी सहज म्हणाली, "ताई, मिरची माझ्याबरोबर पंधरापर्यंत बरोबर म्हणते. तुमच्याच वेळी नऊवर का अडते?" मी तिच्यावर खेकसले. त्या रिकाम्या खाटेची चादर मी रोज सकाळी स्वतः ताणून बसवायचे. दुपारी तिच्यावर लहानसा खळगा पडलेला असायचा, कुणी मांडी घालून बसावं एवढा. मी तो तळहाताने पुसायचे. चादर तिथे कोमट लागायची.

अकराव्या दिवशी मिरचीच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या. आता एक जंतू आत गेला तरी पोर हातची जाणार, हे मला, आत्याला, सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारचं औषध द्यायला मी बसले. घासायला लागले. फोन वाजला. पंप कोकलायला लागला. माझा हात आपोआप थांबला आणि मी सिरिंज उचलली.

जित्याची खोड, दुसरं काय. एका पोरीला मातीत घालून तीच बाई परत नऊवर.

मिरची पुटपुटत नव्हती. ती खिडकीकडे बघत होती.

"सिस्टर, ती म्हणते तुमचे सहा राहिलेत."

मी सिरिंज खाली ठेवली. नवा बोळा घेतला आणि मोठ्याने, एकपासून, पंधरापर्यंत मोजलं. आवाज फाटत होता. टोक वाळेपर्यंत थांबले, मग औषध दिलं. आत्या रडायला लागली होती.

"मी बघितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही मधेच थांबलात ते. पण तुम्ही एवढ्या मोठ्या सिस्टर, मी अडाणी बाई काय बोलणार?"

तेव्हा मला टोपी विणणाऱ्या त्या आईचं स्टूल आठवलं. आत्या बसली होती तेच स्टूल.

मी जुन्या फायलीतून मास्तरीणबाईच्या आईचा नंबर काढला. बावीस वर्षांची नोकरी जाईल हे कळत होतं. त्या रिकाम्या खाटेजवळ उभी राहूनच मी फोन लावला आणि श्वास न घेता सगळं सांगितलं: झोप, फोन, नऊ, तक्त्यावरची खोटी खूण.



"नऊच," आई म्हणाली. "टोपी विणता विणता मीही मोजत होते, सिस्टर. तिने सवयच लावली होती मला. वाटलं, तुम्हाला जास्त कळतं. गप्प बसले. तेव्हापासून रोज रात्री मी तिथेच अडते."

"चूक माझी होती," मी म्हटलं. "तुमची नाही. मी हे डॉक्टरांना आजच लिहून देणार आहे."

ती रडली नाही. फोनमधून अगदी हळू आवाज आला. "दहा."

"अकरा," मी म्हटलं.

"बारा."

"तेरा."

"चौदा," ती म्हणाली, आता माझी पाळी होती, पण शब्द फुटेना. तिचाही फुटला नसावा.

पंधरा कुणी म्हटलं, ते आम्ही दोघींनीही एकमेकींना विचारलं नाही. आवाज खणखणीत होता.