डिशच्या पायाशी पुरलेली

मी अर्थिंगची सळई बोलतेय. जरा खाली बघा, नाहीतर मी दिसायची नाही. माझा वीतभर तुकडा तेवढा वर आहे, बाकी सगळी मी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या लाल मातीत गळ्यापर्यंत पुरलेली आहे. इथून मला माणसं गुडघ्याच्या वर दिसत नाहीत.

कारखान्यात माझ्या अंगावर तांब्याचा मुलामा चढला तेव्हा मी कशी लखलखत होते! वाटलं, कुठेतरी मिरवायला मिळेल. पण इंटरनेटची डिश बसवणाऱ्या एलायसने मला किनाऱ्यापासून तीनशे किलोमीटर आत, या गुरांच्या रानात आणलं, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभं केलं आणि माझ्या डोक्यात हातोडा घालायला सुरुवात केली.

घरमालक क्लॅरी बाजूला उभा राहून टोमणे मारत होता. "डिश बसव आणि चहा पिऊन जा. ही कशाला? बैल बांधायचाय का हिला?"

"त्याला त्याचं काम करू दे," त्याची बायको नॉरीन म्हणाली. तिच्या पायांत निळ्या सपाता होत्या.

नॉरीनने हट्ट धरला त्याला कारण होतं. क्लॅरीचं हृदय दुबळं. पावसाळ्यात इथला रस्ता दोन-दोन महिने बंद असतो, तेव्हा त्याला तपासणारा डॉक्टर या डिशवाटे पडद्यावरच भेटणार होता. एलायसने स्पष्ट सांगितलं, वीज थेट डिशवर पडली तर कुणाचाच इलाज नाही. पण आसपास पडली, तर तिचा झटका तारेवाटे जमिनीत जाईल आणि आतलं यंत्र बहुतेक वाचेल. त्याने हिरवी-पिवळी तार माझ्या गळ्यात कडं घालून आवळली. माती कोरडी पडू देऊ नका, एवढं बजावून तो गेला.

तेव्हापासून नॉरीन रोज संध्याकाळी भांडी विसळलेलं पाणी माझ्या मुळाशी ओतते. बिस्किट नावाचा कुत्राही तंगडी वर करून आपला वाटा देतो. आधी मला तो अपमान वाटायचा. दुष्काळाच्या वर्षी मात्र मी त्याची वाट बघू लागले.

अशी आठ वर्षं गेली. वर डिश आभाळाकडे तोंड करून ऐटीत बसलेली, आणि मला मानही वळवता येत नाही. राग यायचा, खोटं कशाला बोलू?

नॉरीनच्या पाण्यावर माझ्याभोवती गवत माजलं. ऑक्टोबरात क्लॅरी गवत कापायचं यंत्र घेऊन आला आणि एका फटक्यात माझी तार तुटली. त्याचे बूट जागच्या जागी थांबले. मग एका बुटाने तुटलेलं टोक हळूच मातीखाली सारलं. जिची आठ वर्षं थट्टा केली, तीच आपण तोडली, हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार? उद्या गुपचूप जोडू, असं पुटपुटत तो आत गेला.

पण त्याच रात्री त्याच्या छातीत कळ आली आणि पहाटे डॉक्टरांचं विमान येऊन त्याला ब्रिस्बेनच्या इस्पितळात घेऊन गेलं.

आता तार तुटल्याचं इथे फक्त मला ठाऊक होतं. पाच आठवडे निळ्या सपाता रोज येत होत्या, पाणी ओतत होत्या, परत जात होत्या. बाई गं, वाक जरा, मी तुटलेय, असं मी जीव तोडून ओरडत होते. मातीत पुरलेलीचं ओरडणं कोण ऐकणार? इथला पावसाळा नाताळाच्या सुमारास येतो; उकाडा वाढला, दुपारी ढग साचू लागले. पुढच्या आठवड्यात क्लॅरी घरी यायचा होता, आणि डिशचं यंत्र जळालं तर त्याचा डॉक्टर पावसाळाभर हरवणार होता.

काल दुपारी खिडकी उघडी होती. पडद्यावरून क्लॅरीचा आवाज आला. "सळईला पाणी घालतेस ना?"

"रोज. तुझ्यापेक्षा ती बरी, कुरकुरत तरी नाही."

मग तो म्हणाला, "नॉरीन, तिच्या गळ्याशी जरा बघून ये. तार मी तोडलीय. तुला सांगायची लाज वाटली."

नॉरीन अगदी हळू म्हणाली, "मग पाच आठवडे मी पाणी कुणाला घालत होते, क्लॅरी?"

सपाता धावत आल्या. माझ्यासमोर दोन गुडघे टेकले, दोन हातांनी गवत उपटलं, आणि त्या हातांमागून एक चेहरा खाली आला. आठ वर्षांत मी तिचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. उन्हाने रापलेला, रडून लाल झालेला, नवऱ्याला शिव्या घालणारा. तिने आतून पाना आणि सुरी आणून कडं सैल केलं, मातीखालची तार ओढून सोलली, माझ्या गळ्यात घातली आणि दात-ओठ खाऊन आवळली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

आज कुंपणापलीकडे आभाळ काळं झालंय. मी आहे तिथेच आहे, गळ्यापर्यंत, आणि इथून माझी सुटका नाही. तुमच्या घरामागेही माझी एखादी बहीण पुरलेली असेल. तिला उपटून काढा, असं मी म्हणत नाही. पाणी ओतायला जाल तेव्हा एकदा गुडघे टेका आणि तिच्या गळ्यात तार आहे ना, तेवढं बघून या.