पहिलीच्या नावाचं पाणी

“वर बघा काका, छताकडे. थोडं टोचेल हं,” असं म्हणत तपासणाऱ्या मुलीनं कागदाची एक बारीक पट्टी ड्रायव्हरच्या खालच्या पापणीत अडकवली. मग दुसऱ्या डोळ्यात दुसरी. पट्ट्यांवर मिलिमीटरच्या रेघा छापलेल्या होत्या. “आता पाच मिनिटं डोळे मिटून शांत बसायचं. डोळ्यात पाणी किती तयार होतं ते या कागदावर कळतं. काकू, तुम्ही बसा इथेच, पण त्यांच्याशी बोलू नका.”

दुसरी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. दुसरी म्हणजे ड्रायव्हरची दुसरी बायको. बिल्डिंगमध्ये तिला हेच नाव पडलं होतं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण जिन्यात कानावर पडायचंच. पहिली आजारपणात गेली होती, दुसरी या घरात यायच्या कितीतरी आधी. तिचा एकही फोटो भिंतीवर नव्हता आणि नेमकं तेच दुसरीला खुपायचं. फोटो असता तर निदान हा माणूस कुणाकडे बघून रडतो ते तरी दिसलं असतं.

कारण तो रडायचा. रोज. संध्याकाळी ड्यूटी संपवून आला की पहिलीची वेताची खुर्ची टेबलफॅनसमोर ओढायचा, पेपर उघडायचा, आणि पहिलं पान संपायच्या आत त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. दुसरी लोकांच्या पँटी आखूड करता करता शिलाई मशीनवरून बघत राहायची. सुरुवातीला तिला त्याची दया आली. मग राग आला. आणि मग जे आलं ते कायमचं मुक्कामालाच राहिलं. जिवंत सवत असती तर झिंज्या उपटून मोकळी झाली असती, पण मेलेल्या बाईशी भांडायचं कसं? तिनं पहिलीचे पडदे काढले, तिची भांडी भंगारात घातली, कपाट या भिंतीचं त्या भिंतीला नेलं. खुर्ची तेवढी त्यानं टाकू दिली नाही. “बसायला बरी आहे,” म्हणाला. म्हणे बसायला बरी! दुसरीनं पुढे काही विचारलं नाही. उत्तर तिला पाठ होतं.

परवा डेपोतल्या साहेबानं त्याला स्टिअरिंगवर बाहीनं डोळे पुसताना पाहिलं आणि सांगितलं, डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय बसला हात लावायचा नाही. म्हणून हे इथे येणं. दुसरी सोबत आली ती काळजीनंच, पण नुसत्या काळजीनं नाही. अश्रू मोजतात असं तिनं ऐकलं होतं. मोजणारच असाल तर कुणाच्या नावाचे किती, तेही एकदाचं कळू दे, असं तिच्या मनात होतं.

मुलगी फोन घ्यायला दाराबाहेर गेली. दुसरीनं स्टूल पुढे ओढलं.

“अहो, आज ती असती तर तीच आली असती ना तुमच्यासोबत?”

“कोण ती?”

“तीच. पहिली.”

ड्रायव्हरच्या पट्टीवरची ओल खाली सरकत होती. बघता बघता ती पार टोकाला गेली. दुसरीच्या अंगाचा तिळपापड झाला.

“काकू! बोलू नका म्हटलं होतं ना?” मुलगी आत आली आणि तिनं पट्ट्या काढल्या. “पूर्ण भिजल्यात.”

“बघितलंत? म्हणजे आहेच.”

“काय आहे?”

“मनात,” दुसरी म्हणाली.

मुलीला हसू आवरेना. “अहो काकू, कागद टोचला तरी पाणी येतं. आता डोळा बधिर करून मोजू. मग खरं किती ते समजेल.”

थोड्या वेळानं पुन्हा पट्ट्या लागल्या. या वेळी मुलगी जागची हलली नाही. दुसरीनं ओठ घट्ट मिटले, पण मनातल्या मनात पहिलीचं नाव घ्यायचं काही सोडलं नाही. ओल पट्टीच्या मध्यापर्यंत आली आणि थांबली. मग मुलीनं डोळ्यात पिवळा रंग सोडला, यंत्रातून पापणीच्या कडेवरची पाण्याची रेघ मोजली आणि न मिचकावता बघायला सांगितलं.

“डोळे कोरडे पडण्याचे मुख्य दोन प्रकार,” ती म्हणाली. “काहींना पाणीच कमी तयार होतं. काकांचं तसं नाही, पाणी पुरेसं आहे. पण त्यावर पापणीतून तेलाचा पातळ थर यायला हवा, तो येत नाही. म्हणून पाणी उडून जातं, डोळा चुरचुरतो, आणि मग एकदम लोंढा येतो. काका, पंख्यासमोर बसून वाचता का?”

“रोज,” ड्रायव्हर म्हणाला.

“खुर्चीत,” दुसरी म्हणाली.

“मग झालं तर. हे रडणं नव्हेच.”

डॉक्टरांनी थेंब लिहून दिले, पापण्या गरम फडक्यानं शेकायला सांगितल्या आणि कागदासाठी महिन्यानं बोलावलं. बाहेर स्टॉपवर बाकावर बसल्यावर दुसरीला इतकं हलकं वाटत होतं की तिला चक्क पहिलीची कीव आली. बिचारी! तिच्यासाठी थेंबभरसुद्धा नव्हतं.

“मला वाटायचं, तुम्ही तिच्यासाठी रडता,” ती हसत म्हणाली.

“मी?” ड्रायव्हर खरंच चकित झाला. “मला रडूच येत नाही गं. ती गेली तेव्हाही नाही आलं. तिची आई म्हणाली, दगड आहेस.”

“वाईट नाही वाटलं?”

“वाटलं ना. कितीतरी दिवस घास उतरत नव्हता. पण पाणी नाही आलं.”

दुसरीचं हसू थांबलं. समोरून एक बस गेली, त्यांची नव्हती.

“आणि मी गेले तर?”

ड्रायव्हरनं विचार केला. वळण घ्यायच्या आधी दोन्हीकडे बघावं तसा, नीट. “कसं सांगू?” तो म्हणाला.

खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं? इतकी वर्षं ज्या पाण्यावर ती जळली ते कुणाचंच नव्हतं. आणि आता तिला वाटत होतं, ते पहिलीचंच निघालं असतं तर बरं झालं असतं. निदान या माणसाला रडता येतं एवढं कळलं असतं. आज ना उद्या आपलाही नंबर लागला असता.

घरी आल्यावर तिनं पाणी तापवलं, फडकं पिळलं आणि खाटेवर निजलेल्या नवऱ्याच्या पापण्या सांगितल्याप्रमाणे शेकल्या. मग बाटलीचं झाकण उघडलं. एका डोळ्यात एक थेंब सांगितला होता. तिनं एक घातला. मग आणखी एक घातला, आणि आणखी एक. डोळा भरला, कडेवरून सांडला आणि पाणी कानशिलावरून उशीकडे निघालं.

“जास्त पडलं वाटतं,” ड्रायव्हर हातानं टॉवेल चाचपत म्हणाला. “पुसतेस का?”

“नको,” ती म्हणाली. तिनं टॉवेल आपल्या मांडीवर ओढून घेतला. “राहू दे थोडा वेळ.”