अर्ध्या वेण्यांची नवरी

मी कुणाच्या डोक्यावर उगवले नाही, तरी मी केसच आहे. गंगावनाची जुडी म्हणा मला. आणि हे मी जराही ओशाळून सांगत नाही. आपल्या केसांत थोडी भर घालावी, वेण्या पाठीवर रुळाव्यात, असं ज्या बायकांना वाटतं, त्यांच्यासाठी मी जन्मले.

जन्म झाला सेनेगलमध्ये, डाकार शहराच्या बाहेर, एका कारखान्यात. तिथे मला चाळणीच्या बारीक भोकांतून गरमागरम धाग्यासारखं ओढलं, निववलं, विंचरलं, मधोमध दुमडलं आणि पिशवीत भरलं. पिशवीवर एक हसरी बाई छापली होती. तिच्या वेण्यांत माझा एक धागाही नव्हता, पण तिच्या चेहऱ्यावरच मी विकली जाणार होते.

तिथून मी जवळच्या रुफिस्क गावी आले, रोखाया जोपच्या दुकानात. दारावर रंगवलेली पाटी, आत दोन खुर्च्या, एक आरसा आणि भिंतीला खिळे. त्यातल्या एका खिळ्याला मी टांगले गेले. अगदी आरशासमोर! वाट बघायला त्याहून चांगली जागा कोणती?

रोखायाचा हात सगळ्या गावाला ठाऊक होता. दोन पेडांना आधी एकीकडे पीळ द्यायचा आणि मग ते एकमेकांवर उलट्या बाजूला वळायचे, दोरी वळतात तसे. तिचा पीळ समुद्रात पोहून आला तरी सुटत नसे. पण तो घट्ट असायचा. फार घट्ट. तिच्याकडून उठलेल्या बाईचे डोळे ताणून वर गेलेले असत. ती दोन रात्री उशीला डोकं टेकवत नसे, डोकेदुखीची गोळी घ्यायची आणि दोन महिन्यांनी पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसायची.

"दुखतंय गं," एखादी म्हणायची.

"दुखतंय म्हणजे नीट बसलीय," रोखाया म्हणायची, आणि सगळ्या हसायच्या. माणसांचं मला नवल वाटतं. दुखण्यालाच ती चांगल्या कामाची खूण मानतात.

रस्त्याच्या पलीकडे, कडुनिंबाखाली, आणखी एक खुर्ची होती. ती आस्तूची. आस्तू रोखायाची सख्खी धाकटी बहीण. पूर्वी ती याच दुकानात होती, माझ्यासमोरच्या दुसऱ्या खुर्चीमागे. एके दिवशी गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात ती म्हणाली, "ताई, जरा सैल धर. या बाईच्या कपाळावरचे केस मागे सरकलेत. मुळं सोडतायत ते." त्या बाईने आरशात पाहिलं आणि रडायला लागली. रोखायाने सगळ्यांसमोर बहिणीला दाराबाहेर काढलं. आस्तू गेली ती रस्ता ओलांडून निंबाखाली जाऊन बसली आणि तिथेच तिने आपलं काम मांडलं. हे सगळं मी खिळ्यावर यायच्या आधीचं. पण त्या दुकानात ते इतक्या वेळा सांगितलं जायचं की मला ते पाहिल्यासारखंच वाटतं.

आमच्या गावात माणूस भेटला की सलाम लांबत जातो. घरचे कसे, पोरं कशी, झोप लागली का, बकरी व्याली का, सगळं विचारून झाल्यावर मग कामाचं बोलायचं. अशा गावात दोन सख्ख्या बहिणी समोरासमोर बसून एकमेकींकडे बघत नसत. तीन वर्षं. लोकांना त्या भांडणापेक्षा त्या न केलेल्या सलामाचीच जास्त लाज वाटायची.

मग रोखायाच्या लेकीचं, मारेमचं, लग्न ठरलं. मुलगा समुद्रकाठच्या म्बूरचा, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. रोखायाने मला खिळ्यावरून काढलं, माझ्यासारख्याच आणखी चार-पाच जुड्या काढल्या आणि तोंडभर हसत म्हणाली, "ह्या विकायच्या नाहीत. ह्या माझ्या लेकीच्या." खरं सांगते, त्या क्षणी मी पिशवीत मावत नव्हते.

लग्नाच्या आदल्या सकाळी मारेम आईच्या गुडघ्यांमध्ये बसली. मारेम पोस्टात कामाला होती. डोक्याला कायम रुमाल, आणि तोही भुवयांपर्यंत खाली ओढलेला. तो सुटला तेव्हा मी पाहिलं. दोन्ही कानशिलांवर केस नव्हते. गुळगुळीत, चमकणारी कातडी. रोखायाने मागचे केस पुढे ओढले आणि त्या जागेवर पसरले. हात सराईत होता. म्हणजे तिला ती जागा आजच दिसत होती असं नव्हतं.

काम मानेपासून सुरू झालं. एकेक बट, तिच्या मुळाशी मी, मग दोन पेड, मग पीळ.

"मान सरळ."

"आई, ओढ बसतेय."

"लग्नाच्या वेण्या आहेत. बसणारच."

दुपारपर्यंत मागचं अर्धं डोकं भरलं. दुकानामागच्या अंगणात शेजारणी कांदे चिरत होत्या, मोठाली पातेली धुतली जात होती. रोखायाने कंगव्याच्या टोकाने कानशिलाजवळ भांग पाडला, आणि मारेमने आईचं मनगट धरलं.

"आई, पुढचं मावशीकडून घालून घेते."

"कुठली मावशी?"

"मला एकच आहे."

अंगणातल्या सुऱ्या थांबल्या. रोखाया हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या डोक्यावर पहिली वेणी मी घातली. शेवटचीही मीच घालणार."

"शेवटची घालायला केस तर उरायला हवेत ना, आई?"

मारेम उठली. मागे वेण्या, पुढे मोकळे, उभे राहिलेले केस, त्यात अडकलेला कंगवा, अशी ती दाराबाहेर पडली. नवरी मुलगी, भर दुपारी, बिनारुमालाची! मी तिच्या पाठीवर डुलत होते. लाज? मला कसली लाज? इतकी माणसं माझ्याकडे एकाच वेळी कधी बघणार होती?

आस्तू तिला येताना बघून उभी राहिली. कानशिलं पाहिली तेव्हा तिने ओठ घट्ट मिटले.

"मावशी, बस आणि घाल."

"नाही."

"का?"

"दुसरीने अर्धं घातलेलं डोकं आहे ते. तिने सांगितल्याशिवाय मी बोट लावणार नाही. आणि ती दुसरी कोणी असती तर एकवेळ लावलंही असतं. ती माझी ताई आहे."

"ती यायची नाही."

"मग मीही लावायची नाही. माझ्यामुळे तुझ्या लग्नात तिची मान खाली जायला नको."

मारेमने एकदा दुकानाकडे पाहिलं, एकदा निंबाकडे. मग आस्तूचा स्टूल उचलला, बरोबर रस्त्याच्या मध्यावर नेऊन ठेवला आणि त्यावर बसली.

"एक इकडून, एक तिकडून," ती मोठ्याने म्हणाली. "नाहीतर उद्या नवरा इथेच येऊ दे."

थोड्याच वेळात बिराम न्जायचा टांगा आला आणि थांबला. जोप आणि न्जाय या घराण्यांना एकमेकांची टर उडवायचा पिढीजात हक्क आहे. कितीही लागलं तरी रागवायचं नाही. बिरामने टोपी मागे सारली.

"जोप लोकांचं डोकं अर्धंच चालतं असं ऐकून होतो. आज डोळ्यांनी पाहिलं!"

"तू गप रे, भातखाऊ!" आस्तू ओरडली. "तुम्हा न्जायांच्या तर डोक्यातही भातच."

"अगं, भात खायलाच निघालोय! उद्याच्या जेवणाची पोती आहेत टांग्यात. ही उठली नाही तर उद्या वऱ्हाड उपाशी. ए रोखाया! पोरगी रस्त्यात उन्हात बसलीय. हिचं डोकं तापलं तर उद्या लग्न कुणाचं लावशील, माझ्या घोड्याचं?"

लोक हसले. मारेम हसली नाही. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता, आणि घट्ट पिळांची मुळं लाल झाली होती. मी तिथेच होते, मला कळत होतं. ती हट्टाला पेटली नव्हती. ती घाबरली होती. कुणीच उठून आलं नसतं तर तिला परत कुठल्या दारात जाता आलं असतं?

रोखाया दारात आली. हातात माझा उरलेला भाग होता. घोडा फुरफुरला. ती रस्त्यात आली, लेकीच्या मागे उभी राहिली, आणि बहिणीकडे न बघता म्हणाली, "उचल तो स्टूल. सावलीत घे."

कुणाला सांगितलं ते तिने म्हटलं नाही. स्टूल आस्तूने उचलला.

निंबाखाली मारेम मध्ये, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मावशी. पहिला तासभर तर दोघी एकमेकींशी बोलल्याच नाहीत. जे काही बोलायचं ते पोरीच्या डोक्यावरून.

"तुझ्या मावशीला म्हणावं, तेलाची बाटली दे."

"आईला सांग, तिच्याच मांडीखाली आहे."

"मावशीला विचार, इतकी सैल वेणी म्बूरला पोचेपर्यंत तरी टिकेल का?"

"आईला सांग, वेणी दोन आठवडे कमी टिकली तरी चालेल. केस जन्मभर टिकायला हवेत."

मारेम म्हणाली, "मी टपालवाली आहे खरी, पण आज सुट्टीवर आहे. तुम्हीच बोला."

आणि आस्तूला हसू फुटलं. तिचं हसू म्हणजे खोकल्यासारखं, अडकत अडकत येणारं. ते ऐकून रोखायाचेही खांदे हलायला लागले. हसताना तिचा हात मारेमच्या कानशिलावर गेला. केस बाजूला झाले होते. पानांतून येणारं ऊन थेट त्या गुळगुळीत जागेवर पडलं होतं. तिने तिथे अंगठा टेकवला आणि बराच वेळ काढला नाही.

"इथे काय करायचं?" तिने विचारलं. या वेळी पोरीला नाही, बहिणीला.

"काही नाही," आस्तू म्हणाली. "कडेची बारीक लव मोकळी सोडायची. वेणी बोटभर मागून सुरू करायची. मला थोडं थोडं गंगावन देत जा, एकदम नको. वजन मुळावर येता कामा नये."

मी रोखायाच्या हातातून आस्तूच्या हातात जात राहिले. आस्तू डावखुरी. तिचा पीळ रोखायाच्या पिळाच्या उलट फिरतो. एकाच डोक्यावर मी दोन दिशांनी वळले, आणि सांगते, दोन्हीकडे शोभले.

पुढचं झालं तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. आस्तूने गरम पाण्याची किटली मागवली. वेण्यांची टोकं त्यात बुडवली की पीळ पक्का होतो. पण रोखायाने किटली बाजूला सारली. ती लेकीच्या मागे गेली, सकाळी स्वतः घातलेली मानेजवळची पहिली वेणी धरली आणि सोडायला लागली.

"ताई, अगं वेळ कुठे आहे? उद्या लग्न आहे!"

"मग बघतेस काय? दुसरीकडून सोडायला घे."

मागच्या सगळ्या वेण्या सुटल्या आणि पुन्हा घातल्या गेल्या. आपलंच काम रोखायाला इतक्या शांतपणे मोडताना त्या गल्लीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. मधूनच तिचा हात सवयीने ओढ घ्यायचा. आस्तू नुसतं "अं" म्हणायची. रोखाया पीळ ढिला करायची आणि पुटपुटायची, "कळलं, कळलं."

दुसऱ्या दिवशी मशिदीत लग्न लागलं आणि संध्याकाळी अंगणात ढोल वाजले. मारेमने रुमाल बांधला नाही. म्बूरच्या आत्याबाईंनी वेण्या हातात घेऊन तपासल्या.

"हे काय गं? या इकडे वळतात, त्या तिकडे. चुकल्यात की काय?"

"चुकल्या नाहीत," मारेम म्हणाली. "या आईच्या. त्या मावशीच्या." आणि आत्याबाईंना ओढून नाचायला घेऊन गेली. मी चाबकासारखी फिरत होते. जे उभ्या जन्मात एकदाच मिळतं, ते मला त्या रात्री मिळालं.

म्बूरला मी तिच्याबरोबर सुखात राहिले. खारा वारा, मासळीभात, अंगाला धुपाचा वास. रात्री ती मला रेशमी फडक्यात गुंडाळायची. डोक्याला खाज सुटली की खाजवायची नाही, तळव्याने थापट्या मारायची. नवरा पहिल्यांदा घाबरला, म्हणाला, "स्वतःलाच का मारतेस?" मी खूप हसले.

आता माझे दिवस भरलेत. मुळाशी नवे केस वाढले, पीळ विसविशीत झाला, टोकं रया गेलेली. आज मारेम माहेरी आली आहे आणि निंबाखाली बसली आहे. दोघी बहिणी दोन बाजूंनी मला सोडवतायत. रस्त्यापलीकडचं दुकान आता दोघींचं आहे, आणि दिवसातून दोनदा तरी तिथून भांडणाचा आवाज येतो. पण रोज सकाळी सलाम होतो. लांबलचक, बकरीपर्यंत जाणारा.

माझं वाईट वाटून घेऊ नका. मी पुन्हा कुणाच्या डोक्यावर चढणार नाही, हे मला माहीत आहे. फक्त एक सांगते. तुमच्या घरी कुणी पोर गुडघ्यांमध्ये वेणीला बसली आणि "दुखतंय" म्हणाली, तर हात थांबवा. मला सैल बांधलं म्हणून माझी शोभा कधी कमी झाली नाही.

शेवटची वेणी उरली आहे, कानशिलाजवळची. तिथे आता बारीक, कुरळी लव धरली आहे. आस्तू हात पुढे करते, पण रोखाया म्हणते, "थांब, ही माझी." ती बोटांना तेल लावते, टोकापासून एकेक वळसा सोडत वर येते, मुळाशी पोचल्यावर श्वास रोखते. मी निसटून तिच्या तळहातावर पडते. ती मला उजेडात धरून उलटसुलट बघते. माझ्याबरोबर ओढून आलेला एकही केस नाही.

"झालं," ती म्हणते. "मारेम, दुखलं का गं?"

मारेमला बसल्या जागी झोप लागली आहे.