उशाजवळचं बटण

स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या बोर्डावर दोनचा आकडा उजळला, तशा दाक्षायणीबाई लघवीचं भांडं घेऊन आतल्या खोलीत नवऱ्याकडे गेल्या. भांडं पाहताच कल्लप्पांनी डावा हात रिकाम्या ग्लासाकडे केला. त्यांना पाणी हवं होतं. बटण त्यांनी एकदाच दाबलं होतं.

"अहो, तुमचं काही चुकलं न्हाई. माझं यंत्रच खोटं बोलतंय."

कल्लप्पांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. लकव्यानं वाचा गेल्यापासून एकदा दाबलं की पाणी, दोनदा दाबलं की भांडं, एवढंच त्यांचं बोलणं उरलं होतं. त्या दिवशी त्यांनी बटणाला पुन्हा हात लावला नाही. ओठ सुकले, तरी नाही.

शाळेत विज्ञान प्रदर्शनं मांडता मांडता बाईंना असे बोर्ड जोडायचा नाद लागला होता. बिघाड सापडणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या रुपालीला कल्लप्पांजवळ बसवून त्या सात रस्ता चौकात तौसिफच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेल्या. तौसिफ त्यांचाच जुना विद्यार्थी.

"एकदा दाबलं तरी दोन उजळतो. दाबताना बटण थरथरतं, ती थरथर उशाशीच आवरलीय मी. ओट्यावरची चिपही बदलली," बाई म्हणाल्या.

"वायर किती लांब हाय?"

"खोलीपासून ओट्यापर्यंत. उरलेली वेटोळं करून खिळ्याला टांगलीय."

"कापली न्हाय?"

"कशाला कापायची? लागते की पुढं."

तौसिफ खळखळून हसला. "बाई, शाळेत खडूचं टोकसुदीक टाकू देत नव्हता तुमी! सिग्नल लई जोरात सुटतो, टोकाला आपटून माघारी येतो. वायर जेवढी लांब, तेवढा घुमतो. चिपला वाटतं, दोनदा दाबलं. एक रेझिस्टर लावा, जोर मोडतो."

"लावलाय की. चिपच्या तोंडाशी." बोलता बोलता बाई थांबल्या. पूजेची घंटा शांत करायला हात घंटेवर ठेवतात, कानावर नाही. "म्हणजे जिथून सुटतो तिथं. उशाकडच्या टोकाला."

"आता कसं!"

घरी आल्यावर बाईंनी वेटोळं काढलं. कात्री लावताना हात जरासा अडखळला. मग सिग्नलची आणि परतीची वायर पीळ देऊन एकत्र नेली, रेझिस्टर उशाशी जोडला.

"एकदाच दाबा. माझ्यावर भरवसा ठेवून."

कल्लप्पांनी बऱ्याच वेळानं दाबलं. ओट्यावर एक उजळला. बाईंनी पाणी नेलं.

लिंगपूजा होईपर्यंत बाईंच्या तोंडात पाणी नसे आणि तोंडातून शब्द निघत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून त्यांनी घंटा खाली ठेवली आणि बोर्डावर तीन उजळला. तीनला काही अर्थच ठरलेला नव्हता. कालपर्यंत त्यांनी पुन्हा वायरच तपासली असती. आज त्या सरळ खोलीत गेल्या.

उशाशी रात्री भरून ठेवलेला ग्लास तसाच होता. कल्लप्पांनी ग्लासाकडे बोट केलं, मग बाईंकडे.

बाई खाटेच्या कडेला बसल्या आणि पाणी प्यायल्या. ते बघत राहिले.

ओट्यावरचा तीन बाईंनी दुपारपर्यंत विझवला नाही.